शेऱ्याचा रकाना

त्या बिंदूवर मी ‘बदल नाही’ असं नोंदवलं आणि पुढे गेले. दुपार होती. खोलीतले पडदे ओढलेले होते, कारण स्क्रीनवर उजेड पडला की मातीच्या आणि सिमेंटच्या करड्या छटा एकमेकींत मिसळतात आणि डोळा फसतो. त्या दिवशीचा तो शंभराच्या पुढचा बिंदू असावा. डावीकडे एका तारखेची उपग्रह प्रतिमा, उजवीकडे तीच जागा नऊ वर्षांनंतर, दोन्हींच्या मधोमध तीस मीटरचा पिवळा चौकोन आणि खाली पर्यायांची यादी. डावीकडे मोकळी जमीन. उजवीकडेही मोकळी जमीन. तशीच फिकट तांबूस माती, तशीच विस्कटलेली झुडपं, कोपऱ्यात सावलीचा तसाच डाग. बोट आपोआप कळीवर पडलं. पण पुढचे तीन-चार बिंदू झाले तरी डोळ्यात कुसळ गेल्यासारखं काहीतरी खुपत राहिलं. शेवटी मागे फिरले, तो बिंदू पुन्हा उघडला आणि नजर सावकाश फिरवली. डावीकडच्या प्रतिमेत त्या जमिनीवरून एक तिरकी, बारीक, पांढुरकी रेघ गेली होती. चौकोनाच्या एका कोपऱ्यातून शिरून समोरच्या कोपऱ्यातून बाहेर पडलेली. पायवाट होती ती. उजवीकडे नव्हती.

जमीन तिथेच होती. वाट गेली होती.

काम तसं सांगायला सोपं आहे. शहरं किती पसरली, कुठली शेती बांधकामाखाली गेली, कुठलं तळं आक्रसलं, याचे नकाशे आता संगणक करतो. त्याला नमुने दाखवले की तो कोट्यवधी पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतले सगळ्यांत लहान चौकोन, वाचतो आणि प्रत्येकावर एकेका वर्गाचा शिक्का मारत जातो. पण तो चुकतो. आणि ज्या नकाशावर उद्या कुणी रस्ता आखणार, कुणी पाण्याची वाहिनी नेणार, कुठली जमीन राखायची नि कुठली बांधकामाला द्यायची हे ठरवणार, तो नकाशा कुठे आणि किती चुकतो हे आधी कळायला हवं. म्हणून नकाशाभर विखुरलेले काही हजार बिंदू यादृच्छिक पद्धतीने निवडतात आणि आमच्यासारखी माणसं ते एकेक करून, अधिक स्पष्ट प्रतिमा समोर ठेवून, तपासतात. एकच बिंदू दोघं जण वेगवेगळे बसून पाहतात. मत जुळलं नाही तर तिसऱ्यासमोर चर्चा होते. नकाशाच्या चुका दोन जातीच्या असतात: होतं ते सुटलं, किंवा नव्हतं ते धरलं. दोन्हींचा हिशेब लागल्यावरच ‘एवढं क्षेत्र बांधीव झालं, अधिक-उणे एवढं’ असं म्हणता येतं. नुसते पिक्सेल मोजून क्षेत्रफळ जाहीर करू नये, असं मला मनापासून वाटतं. तसं केलेले अहवाल हातात आले की मी अस्वस्थ होते.

पायवाट वरून कशी दिसते, हे सांगायला हवं. पावलांनी माती घट्ट होते, गवत मरतं, वरचा थर झिजून गुळगुळीत होतो आणि ती पट्टी आजूबाजूपेक्षा जास्त उजेड परावर्तित करते. म्हणून ती फिकट दिसते. पावसाळ्यानंतरच्या प्रतिमेत, दोन्ही बाजूंना हिरवं माजलेलं असतं तेव्हा, ती खडूने ओढल्यासारखी उठून येते. ती कधीच अगदी सरळ नसते. कुठे एखादा दगड असेल, कुठे पाणी साचत असेल, तिथे ती किंचित वळसा घेते आणि पुन्हा आपल्या दिशेला लागते. तिचा आराखडा कुणी मंजूर केलेला नसतो. पहिला माणूस गेला, दुसऱ्याने त्याच्या मागे पाऊल टाकलं, आणि रोजच्या जाण्यायेण्याने ती पडली. आपण ‘वाट पडली’ असंच म्हणतो, ‘बांधली’ म्हणत नाही. आणि ती राहते तीही चालणाऱ्यांमुळेच. पावलं थांबली की एक-दोन पावसाळ्यांत गवत तिला गिळून टाकतं. म्हणजे वाट दिसेनाशी होणं ही त्या जमिनीवर घडलेली एक ठळक घटना असते. एखाद्या घरात रोज येणारं माणूस यायचं थांबावं, तशी. आमच्या यादीतल्या कुठल्याच वर्गात मात्र ती मावत नव्हती.

हे शिकायला लागले तेव्हा प्रतिमा स्क्रीनवर नव्हत्या, कागदावर होत्या. विमानातून घेतलेली काळीपांढरी छायाचित्रं, एकमेकांवर साठ टक्के चढलेली, म्हणजे एकच जमीन लागोपाठच्या दोन फोटोंत थोड्या वेगळ्या कोनातून आलेली. त्यावर चार बारीक पायांचा स्टिरिओस्कोप ठेवायचा आणि दोन भिंगांतून दोन डोळ्यांनी दोन फोटो पाहायचे. आधी नुसतं दुहेरी, धूसर. डोळे दुखायचे, कपाळाच्या मध्यावर कळ यायची. आणि मग एका क्षणी दोन्ही चित्रं एकमेकांत शिरायची आणि जमीन उठून उभी राहायची. टेकडी बोटाला लागेल इतकी वर, ओढा खोल, झाडांना उंची, घरांना भिंती. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी भिंगांवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली, ते अजून तिथेच आहे ना हे बघायला. आमचे शिक्षक फार कमी बोलत. त्यांनी आम्हाला आठवडाभर ते फोटो वाचायला लावले आणि मग एका सकाळी त्याच जमिनीवर चालायला नेलं. आम्ही ज्याला ‘झुडपी’ म्हणून खूण केली होती, तो राडारोड्याचा ढीग निघाला, त्यावर रानटी झाडं माजलेली. ज्याला ‘पडीक’ म्हटलं होतं तिथे कुणीतरी कपडे वाळत घातले होते, दोऱ्या बांधायला खुंट रोवले होते, आणि ते खुंट कित्येक वर्षांचे जुने होते. शिक्षकांनी आमच्या नकाशावर लाल शाईने काही सुधारलं नाही. फक्त प्रत्येक खुणेपाशी उभं राहून ‘आता काय लिहाल?’ एवढंच विचारत गेले.

आता वाटतं, माझ्या या कामातला खरा आनंद आणि खरी धास्ती, दोन्ही त्या सकाळी सुरू झाल्या.

वरून पाहायची सोय माणसाला फार उशिरा झाली. २३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट या जमीन पाहणाऱ्या अमेरिकन उपग्रहांच्या मालिकेतला पहिला उपग्रह आकाशात गेला. त्यावर दोन उपकरणं होती. महत्त्वाचं मानलं गेलं होतं ते कॅमेऱ्यांचं, ओळखीचं, भरवशाचं. दुसरं होतं एक स्कॅनर, व्हर्जिनिया नॉरवुड या अभियंतीने घडवलेलं, ज्यात एक आरसा सतत डुलत राहून जमिनीची पट्टी पट्टी वाचत जातो. त्याकडे पुष्कळांनी प्रयोग म्हणूनच पाहिलं होतं. कॅमेऱ्यांची यंत्रणा विजेच्या बिघाडाने लवकरच बंद करावी लागली आणि पुढचं सगळं काम त्या डुलणाऱ्या आरशाने केलं. त्याचा एक पिक्सेल जमिनीवर साधारण ऐंशी मीटरचा. त्यात एक घर दिसत नाही, पण एक शहर दिसतं, आणि ते शहर दर अठरा दिवसांनी पुन्हा दिसतं. पुढे १९८४ मध्ये सोडलेला लँडसॅट ५ तीन वर्षं टिकेल म्हणून सोडला होता, तो जवळजवळ एकोणतीस वर्षं चालला. आणि २००८ मध्ये या प्रतिमांचा सगळा साठा जगातल्या कुणालाही विनामूल्य खुला झाला. त्याआधी आम्ही एकेक प्रतिमा जपून, मागणी नोंदवून, वाट पाहून वापरायचो. त्यानंतर एका रात्रीत तीन दशकं हाताशी आली. एकाच जागेच्या साऱ्या प्रतिमा ओळीने लावून पहिल्यांदा चालवल्या तो दिवस मला आठवतो. शहर भिंतीला ओल चढावी तसं चढत गेलं. आधी एका रस्त्याची पांढरी रेघ. मग तिच्या दोन्ही बाजूंना चौकोनी, खरवडलेले तुकडे. मग त्यांच्यात छपरांचे चमकते ठिपके. मग मधल्या जागा भरत गेल्या, आणि दुसऱ्या कुठल्या टोकाला नवी पांढरी रेघ निघाली. मी ते पुन्हा पुन्हा मागेपुढे करून पाहत बसले. उलट चालवलं की शेतं परत यायची.

या सगळ्याच्या आधी, उपग्रह नसताना, असंच काम पायी झालेलं आहे, आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. १९३० च्या दशकात डडली स्टॅम्प नावाच्या भूगोलतज्ज्ञाने ब्रिटनच्या सगळ्या जमिनीचा वापर नोंदवायचं ठरवलं आणि त्यासाठी शाळकरी मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना हाताशी धरलं. मुलं बारकावे दाखवणारे मोठ्या मापाचे नकाशे घेऊन शेतांच्या कडेकडेने चालली आणि कुठे नांगरट आहे, कुठे कुरण, कुठे झाडी, ते खुणांनी भरत गेली. त्यावरून रंगीत नकाशे छापले गेले. महायुद्धात अन्न कुठे पिकवता येईल हे शोधताना ते कामी आले. पुढे ग्रामीण जमिनीच्या वापरावर १९४२ मध्ये ज्या समितीचा अहवाल आला तिचे उपाध्यक्ष स्टॅम्पच होते. १९४७ च्या ब्रिटिश नगर नियोजन कायद्यामागे जे मंथन झालं, त्यात त्या अहवालाचा वाटा आहे. म्हणजे हातात पेन्सिल घेऊन बांधावरून चाललेल्या मुलांच्या खुणा कायद्याच्या मजकुरापर्यंत पोचल्या. त्या नकाशांवर दाट वस्तीचा भाग लाल रंगात आहे, आणि सूचीत त्या लाल रंगापुढे लिहिलेला अर्थ असा, की ही ‘शेतीच्या दृष्टीने अनुत्पादक’ जमीन. घरं, अंगणं, कारखाने, दफनभूमी, सगळं त्या एका शब्दाखाली. शेती वाचवायला निघालेल्या माणसाने शेतीच्या नजरेने जगाचं नाव ठेवलं, हे मी समजू शकते. आजही बहुतेक नकाशांत बांधीव क्षेत्र लालच असतं. रंग तसाच राहिला. अर्थ मात्र पार फिरला: आता लाल ते उत्पादक, आणि त्याच्या भोवतीचं फिकट ते वाया चाललेलं, असं वाचणारे डोळे मी बैठकींत पाहिले आहेत.

नावं देण्याचं हे काम एकदा माझ्याही वाट्याला आलं होतं. नकाशाची सूची मराठीत करायची होती. पाणी, जंगल, शेती, बांधीव, हे सरळ झालं. अडले ते शेवटच्या वर्गापाशी. झाडं नाहीत, पीक नाही, पाणी नाही, इमारत नाही, असं जे उरतं, त्याला काय म्हणायचं? पडीक म्हणावं तर त्यात नांगर थांबल्याचा अर्थ आहे, म्हणजे कधीतरी तिथे नांगर होता. ओसाड म्हणजे माणसं सोडून गेलेली. उजाड म्हणजे काहीतरी नष्ट झालेलं. माळ म्हटलं की वारा, चढउतार आणि चरणारी जनावरं डोळ्यांपुढे येतात. रिकामी म्हटलं तर ती कशाने तरी भरायची वाट पाहत असल्यासारखी वाटते. मी ‘मोकळी’ हा शब्द निवडला. त्यात श्वास घ्यायला जागा आहे असं मला वाटलं. १९७६ मध्ये जेम्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूवापराच्या वर्गीकरणाची जी चौकट अमेरिकेत मांडली, जिच्यावर आम्ही सारे कमीअधिक उभे आहोत, तिच्यात एक मूलभूत भेद आहे: जमिनीवर काय पसरलंय ते भूआच्छादन, आणि माणूस तिचं काय करतो तो भूवापर. पहिलं वरून दिसतं. दुसरं दिसतं त्यावरून ओळखावं लागतं. गवत दिसतं, त्या गवतावर खेळतात, चारतात, की ते कुणाच्या कुंपणातलं आहे, हे गवताच्या परावर्तनात नसतं. पुस्तकात हा भेद दोन ओळींत येतो. कामात तो रोज, प्रत्येक बिंदूला, नव्याने अंगावर येतो.

कोरड्या ऋतूत तर नांगरलेलं शेत आणि काँक्रीट यांतही गोंधळ होतो. दोन्ही कोरडी, दोन्ही उजळ, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या पट्ट्यांतही दोन्हींची उत्तरं जवळपास सारखी. पावसाळ्यानंतरची प्रतिमा शेजारी ठेवली की शेत हिरवं होऊन आपली ओळख सांगतं आणि काँक्रीट गप्प राहतं. म्हणून एका जागेबद्दल एका तारखेवरून बोलू नये. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांनी दहा मीटरच्या पिक्सेलने, आणि जोडी झाल्यावर दर पाच दिवसांनी जमीन पाहायला सुरुवात केली, तेव्हा हा प्रश्न बराच सुटला. रात्रीच्या दिव्यांवरूनही शहराची वाढ मोजतात, तिथेही असाच चकवा आहे. रस्त्यावरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तर रात्रीचा उजेड टिपणाऱ्या व्हिअर्स या उपकरणाला ते शहर मंदावल्यासारखं दिसतं, कारण निळा प्रकाश त्याला दिसतच नाही. मापण्याच्या साधनाला जे दिसत नाही ते जगात नाही असं धरून चाललं, की माणूस वाढत्या शहराला ओसरतं म्हणून बसेल. आणि आकाराचीही एक मर्यादा असते. युरोपच्या कोरीन या भूआच्छादन नकाशात चव्वेचाळीस वर्ग आहेत, पण पंचवीस हेक्टरपेक्षा लहान तुकडा त्यात स्वतंत्र दाखवत नाहीत. खंडाच्या नकाशाला ते रास्तच आहे. तरी मला त्या पंचवीस हेक्टरांत मावणाऱ्या गोष्टी मोजाव्याशा वाटतात.

आता त्या बैठकीबद्दल. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आम्ही केलेला नकाशा एका नियोजनाच्या कामासाठी मांडला जात होता. मला या आकड्यांचं मोल माहीत होतं, म्हणून मी उत्साहाने गेले होते. जमीन मोजली नाही तर ती वाचत नाही, यावर माझा विश्वास आहे. जर्मनीत दर दिवशी किती हेक्टर जमीन वसाहती आणि रस्त्यांखाली जाते ते मोजतात. शतक बदलण्याच्या सुमारास तो आकडा दिवसाला सुमारे १२९ हेक्टर होता. २००२ मध्ये तिथे ठरलं, २०२० पर्यंत तो ३० वर आणायचा. जमलं नाही, मुदत २०३० पर्यंत गेली, पण आकडा पुष्कळ खाली आला आणि दरवर्षी तो लोकांसमोर येतो. फ्रान्सने २०२१ मध्ये कायद्यातच लिहिलं की दहा वर्षांत नव्या जमिनीचा घास निम्मा करायचा आणि २०५० पर्यंत जेवढी घ्याल तेवढी परत मातीला द्यायची. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९७३ च्या कायद्यानंतर प्रत्येक शहराला वाढीची सीमारेषा आखावी लागली, आणि आत वीस वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जमीन आहे की नाही, हे ठरावीक काळाने तपासावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत तर एक निर्देशांकच आहे: शहराची जमीन ज्या वेगाने वाढते, त्याला लोकसंख्येच्या वाढीच्या वेगाने भागायचं. उत्तर एकापेक्षा जास्त आलं, म्हणजे शहर माणसांपेक्षा वेगाने पाय पसरतंय. यातलं काहीही आमच्या कंटाळवाण्या, बिंदू बिंदू मोजण्याशिवाय होत नाही.

त्या बैठकीत आमचा तक्ता पडद्यावर आला. वर्ग आणि क्षेत्र. शेवटची ओळ, मोकळी जमीन, आणि पुढे तिचे हेक्टर. सगळे बघत होते. मग सादर करणाऱ्याने पुढचं पान उघडलं. त्यावर तोच आकडा होता, दशांश चिन्हापर्यंत तोच. फक्त त्याच्या अलीकडचा शब्द बदलला होता. तिथे लिहिलं होतं: ‘उपलब्ध’.

कुणी वाईट हेतूने केलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. घरं हवी होती, त्यांना जागा हवी होती, आणि त्या जागेवर आमच्याच नकाशाप्रमाणे काही नव्हतं. मी हात वर करून म्हणाले, की मोकळी म्हणजे वापरात नसलेली असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही, ते फक्त आच्छादनाचं वर्णन आहे, वापर प्रत्यक्ष जाऊन पाहावा लागेल. माझं ऐकून घेतलं गेलं, नोंदही झाली असेल. पण दोन पानांच्या मध्ये तो शब्द जिथून निसटला तिथे माझा हात पोचला नाही. परतताना मी स्वतःला विचारत होते, की मीच निवडलेल्या ‘मोकळी’त ‘उपलब्ध’ आधीपासून लपलेला होता का. अजून विचारते.

म्हणून ती पुसलेली वाट मला सोडवेना. काम संपल्यावर त्या जागेच्या मधल्या वर्षांच्या प्रतिमा शोधून काढल्या. इतक्या बारीक रेघा दिसायच्या तर अर्ध्या-एक मीटरचा पिक्सेल लागतो. १९९९ मध्ये इकोनॉस हा उपग्रह गेला तेव्हापासून अशा प्रतिमा सर्वांसाठी मिळू लागल्या, तरी प्रत्येक जागेच्या प्रत्येक वर्षी नसतात. मला पाच मिळाल्या. एकीत ढग. बाकी चारांत गोष्ट स्पष्ट होती. वाटेच्या एका टोकाला लहान लहान छपरांची दाट वस्ती, दुसऱ्या टोकाला लांबट पत्र्यांच्या शेड आणि त्यांच्यापलीकडे मोठा रस्ता. पहिल्या दोन प्रतिमांत वाट ठसठशीत होती, दुसरीत तर तिला मध्येच एक फाटाही फुटलेला. तिसऱ्या प्रतिमेत जमिनीच्या कडेने एक सरळ, अतिशय बारीक रेघ आली, आणि तिच्या एका बाजूला तितकीच बारीक काळी सावली. सावली आहे म्हणजे उंची आहे. भिंत. वाट तेव्हाही होती, पण दोन्ही टोकांना भिंतीशी येऊन थांबत होती, आणि मधला भाग फिका पडायला लागला होता. चौथ्या प्रतिमेत आत सगळीकडे सारखं गवत. मी मोजपट्टीने वाट मोजली, साडेचारशे मीटरच्या आसपास. मग रस्त्याने फिरून जायचं अंतर मोजलं. दीड किलोमीटरच्या वर. एकवेळचं. मग मी खुर्चीत मागे टेकून बसले आणि त्या छपरांकडे बघत राहिले. कुठल्याही नकाशात त्या नऊ वर्षांत तिथे काही घडलेलं नव्हतं. वस्ती बांधीव होती, बांधीव राहिली. शेड बांधीव होत्या, बांधीव राहिल्या. मधलं मोकळं, मोकळंच राहिलं.

माझा जोडीदार तपासनीसही ‘बदल नाही’च म्हणाला होता. नियमाने तो बिंदू मिटला. तरी दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांकडे गेले आणि स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, दोन्ही प्रतिमा नीट पाहिल्या, भिंतीच्या सावलीवर बोट ठेवलं. म्हणाले, “दिसतंय मला. पण कोड कुठला देऊ याला?” मी म्हटलं, “सर, कोड नकोय. वर्ग बरोबरच आहे. फक्त हे कुठेतरी लिहिलेलं असावं.” ते थोडा वेळ गप्प बसले. “शेऱ्याचा रकाना आहे ना,” म्हणाले, “तिथे लिहा. तक्त्यात तो जात नाही, पण फाइल सोबत जाते.”

तो रकाना मी कित्येक वर्षं पाहत होते, अगदी उजवीकडचा, बहुतेक ओळींत रिकामा. त्या दिवशी पहिल्यांदा मी सगळी फाइल फक्त त्या रकान्यावरून चाळली. हजारो ओळी, आणि त्यांत विखुरलेले शेरे. पुष्कळसे कामाचे: ‘ढग’, ‘प्रतिमा अस्पष्ट’, ‘तारीख तपासावी’. पण मध्येच एक: ‘दोन प्रतिमांत ताडपत्र्या दिसतात, तिसरीत नाहीत. आठवड्यातून एकदा काहीतरी भरत असावं.’ वर्ग, मोकळी जमीन. पुढे कुठेतरी: ‘झाड एकच आहे, पण सगळ्या वाटा त्याच्यापाशी येतात.’ आणखी खाली: ‘पाणी वर्षातले दोन महिने असतं. कोरड्या तारखेची प्रतिमा घेतली म्हणून जमीन लिहिलं आहे. बरोबर वाटत नाही.’ शेऱ्याखाली नाव लिहायची पद्धत नाही, कुणी लिहिलं ते कळत नाही. माझ्याच आसपास, ओढलेल्या पडद्यांच्या खोलीत, कुणीतरी कळ दाबून पुढे गेलं होतं आणि पुन्हा मागे आलं होतं. मी ते शेरे एका वेगळ्या पानावर उतरवून काढले, बिंदूच्या क्रमांकासकट. पुढच्या वेळी आमचा तक्ता जाईल तेव्हा ते पान त्याच्या खाली नाही, शेजारी जावं, असं प्रमुखांना म्हटलं आहे. त्यांनी हो म्हटलेलं नाही. ते पान मागून घेऊन घरी वाचायला नेलं आहे.

माझ्या बिंदूपुढे मी लिहिलं: ‘पायवाट होती, वस्तीपासून शेडपर्यंत. भिंतीमुळे बंद. जमीन वापरात होती.’ लिहून झाल्यावर, बंद करण्याआधी, सगळ्यांत अलीकडची प्रतिमा मिळते का ते पाहिलं. मिळाली, महिन्याभरापूर्वीची, पावसानंतरची. आत गवत दाट होतं. भिंत जुनी झाली होती, एका जागी तिची सावली तुटलेली दिसत होती. मी प्रतिमा मोठी केली. भिंतीच्या बाहेरून, तिला अगदी चिकटून, एक फिकट रेघ चालली होती. कोपऱ्यावर भिंत काटकोनात वळत होती, रेघ मात्र काटकोनात वळलेली नव्हती. तिने तो कोपरा जरा आधीच, तिरका कापला होता. शेऱ्यात मी आणखी एक ओळ जोडली, ‘भिंतीच्या कडेने नवी वाट पडली आहे’, तारीख टाकली, आणि पुढचा बिंदू उघडला.